भरतीचा हिशेब आणि गॅलिलिओ

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नायगावात राहून मी भरती-ओहोटीच्या इतिहासाकडे वळलो तो कोकण किनाऱ्यावरच्या एका हिशेबामुळे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते आणि चंद्राच्या चालीने पुढे सरकते, हे त्यात गृहीत आहे.

युरोपात मात्र याच नात्यावरून मोठा वाद झाला. केप्लरने 1609 मध्ये चंद्र पाणी ओढतो असे लिहिले. गॅलिलिओला ते पटले नाही. दुरून, न शिवता ओढणारी शक्ती त्याला फलज्योतिषाच्या जातीची वाटली. 1632 च्या ‘संवाद’ ग्रंथात त्याने केप्लरसारखा माणूस असल्या पोरकट कल्पनांना कान देतो याचे आश्चर्य व्यक्त केले. त्याचे स्वतःचे म्हणणे असे: पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते; या दोन गती कधी मिळतात, कधी एकमेकींविरुद्ध जातात, म्हणून हलत्या पखालीतल्यासारखे पाणी हिंदकळते. भरती हाच त्याला पृथ्वी फिरते याचा पुरावा वाटत होता.

पण या युक्तिवादातून दिवसाला एकच भरती निघते, तीही ठरल्या वेळी. प्रत्यक्षात दोन येतात. त्याचे खापर गॅलिलिओने समुद्राच्या लांबी-खोलीवर फोडले.

1687 मध्ये न्यूटनने कोडे सोडवले. चंद्राची ओढ जवळच्या पाण्यावर जास्त आणि पलीकडच्या पाण्यावर कमी असते. या फरकामुळे दोन्ही बाजूंना फुगवटा येतो. अमावस्या-पौर्णिमेला सूर्याची साथ मिळून उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांग. तरीही 1740 मध्ये पॅरिसच्या अकादमीने भरतीवरच्या निबंधांचे बक्षीस चौघांत वाटले, तेव्हा न्यूटनच्या मार्गाने गेलेल्या तिघांबरोबर देकार्तचे भोवरे मानणारा एकजण होताच.

मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 पासून पाण्याच्या पातळीच्या नोंदी आहेत. अशा नोंदींवरून भरतीची कोष्टके बनतात.

मला या वादात महत्त्वाचे वाटते ते हे: गॅलिलिओचा आग्रह बुद्धिवादी होता, पृथ्वी फिरते हा त्याचा निष्कर्षही खरा होता, तरी पुरावा चुकीचा होता. तिथीच्या हिशेबाला कारण ठाऊक नव्हते, पण निरीक्षण पक्के होते. चंद्राचे नाव निघताच अंधश्रद्धा म्हणण्याआधी रोजची वेळ मोजून पाहावी.