स्टॅनमोरची ‘बॉम्ब’ यंत्रे आणि खिशातले डोंगल



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. आपल्यातल्या बऱ्याच घरांतले जुने लॅपटॉप चांगले चालते असूनही विंडोज ११ घेत नाहीत. ते टाकून द्यायला जीव होत नाही, म्हणून काही मंडळींनी त्यावर लिनक्स बसवले. मग फोन येतात : “सगळं चालतंय हो, फक्त वाय-फाय तेवढं लागत नाही.” त्यावर उपाय म्हणून दहा-बारा पौंडांचे यूएसबी डोंगल आणावे, तर तेही कधी लागते, कधी ढिम्म बसते. खोक्यावर विंडोजचे नाव ठळक असते. लिनक्सचे बहुधा नसतेच.

असे का, हे फोनवर सांगता येत नाही, म्हणून येथे लिहीत आहे. सुरुवात आपल्या गावापासूनच करतो.

स्टॅनमोर आणि युद्ध म्हटले की बेंटली प्रायरी आठवते. विमानदलाच्या फायटर कमांडचे मुख्यालय १९३६ पासून तेथे होते, आणि पाहुण्यांना आपण तेथील संग्रहालय दाखवतो. पण त्याच युद्धात स्टॅनमोरमध्ये आणखी एक ठाणे होते, त्याची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा नसते. ब्लेचली पार्कची ‘बॉम्ब’ नावाची यंत्रे १९४३ पासून येथे चालत. हा बॉम्ब फुटणारा नव्हे. हे नाव पोलंडच्या गणितज्ञांनी आपल्या यंत्राला दिलेल्या ‘बोम्बा’ या नावावरून आले. प्रत्येक यंत्र एक टनाच्या आसपास वजनाचे, आणि त्यात ३६ एनिग्मा यंत्रांच्या बरोबरीची चाके. ब्लेचलीहून टेलिप्रिंटरवर सूचना यायची, त्याप्रमाणे तारा जोडायच्या, चाके बसवायची, आणि यंत्र थांबले की उत्तर उलट कळवायचे. हे काम नौदलाच्या महिला दलातील मुली पाळ्यांमध्ये रात्रंदिवस करीत. ईस्टकोटला असेच मोठे ठाणे होते. युद्ध संपेपर्यंत अशी यंत्रे एकंदर दोनशेच्या वर गेली होती.

आता मूळ मुद्दा. एनिग्माचे संदेश बिनतारी येत. ते कोणालाही ऐकता येत, पण अर्थ लागत नसे. जर्मन लष्कराच्या एनिग्मात तारा आतून कशा जोडल्या आहेत हे पोलंडच्या मारियान रेयेव्हस्की यांनी डिसेंबर १९३२ मध्ये केवळ गणिताने शोधून काढले. त्यांना फ्रेंच हेरखात्याकडून मिळालेल्या काही कागदांची मदत झाली खरी. पण लष्करी यंत्र त्यांच्यासमोर नव्हते. (आपले स्टॅनमोर स्टेशनही त्याच महिन्यात, १० डिसेंबर १९३२ रोजी सुरू झाले. योगायोग, दुसरे काही नाही.) जुलै १९३९ मध्ये पोलिश मंडळींनी हे सारे ज्ञान वॉर्सोजवळच्या बैठकीत इंग्रज व फ्रेंचांच्या हवाली केले. त्यावर ॲलन ट्युरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी इंग्रजी बॉम्ब उभा केला. त्याची युक्ती अशी : संदेशात अमुक शब्द असणारच, उदाहरणार्थ हवामानाचा, असा अंदाज धरायचा, आणि चाकांच्या कोणत्या मांडणीत तो अंदाज बसतो हे यंत्राकडून तपासून घ्यायचे. माहीत असलेल्या चार अक्षरांवरून माहीत नसलेले सगळे उलगडायचे.

डोंगलच्या बाबतीत नेमके हेच करावे लागले.

यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये आले. इंटेल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह सात कंपन्यांचे हे काम. त्यात पुढे नाव झाले ते इंटेलच्या अजय भट्ट यांचे. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. आडनाव पाहून आपले समजू नये, ते गुजराती. पण बडोदे म्हटल्यावर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. वाय-फायचे मानक, ८०२.११, त्यानंतर १९९७ मध्ये ठरले. दोन्ही मानके छापील, कोणालाही वाचता येण्याजोगी. मग गुपित कुठे राहिले? ते चिपमध्ये राहिले. डोंगल यूएसबीने संगणकाशी बोलते आणि वाय-फायने राउटरशी बोलते, पण चिपच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा लिहिला म्हणजे ती अमुक चॅनेलवर जाते, हे फक्त चिप बनवणाऱ्याला ठाऊक. ते ज्ञान ज्या प्रोग्रॅममध्ये असते तो ड्रायव्हर. कंपनी तो विंडोजसाठी स्वतः लिहून देते. बाकीच्यांना कागद देत नाही.

लिनक्समध्ये बिनतारी कार्डांसाठी सामाईक सोय करण्याचे काम ज्यां तुरिये यांनी १९९६ च्या सुमारास एचपीच्या ब्रिस्टल येथील प्रयोगशाळेतून सुरू केले. पण सोय केली तरी चिपचे गुपित राहिलेच. त्यावर निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे मार्ग काढले. एनडीआयएस-रॅपर नावाचा प्रोग्रॅम विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवी. जुगाड म्हणा हवे तर. पण कित्येकांचे काम त्याने भागवले. ओपनबीएसडीच्या थिओ डी राट यांनी सरळ कंपन्यांकडे कागद मागितले, आणि जाहीरपणे मागितले. तैवानच्या रालिंकने ते दिले, तेव्हा मे २००५ मधील ओपनबीएसडी ३.७ मध्ये रालिंकच्या यूएसबी डोंगलचा ड्रायव्हर आला. अमेरिकेतल्या बड्या कंपन्या मात्र बधल्या नाहीत.

ब्रॉडकॉमच्या चिपसाठी काही तरुणांनी जे केले ते मला सर्वांत आवडते. त्यांनी दोन गट केले. पहिल्या गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचे साध्या भाषेत वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने कंपनीचा ड्रायव्हर डोळ्यांनी पाहायचाच नाही, फक्त ते वर्णन वाचून नवा लिहायचा. अशाने नक्कल केल्याचा आरोप टिकत नाही. हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्स २.६.१७ मध्ये सामील झाला. स्वतः ब्रॉडकॉमने लिनक्ससाठी खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये.

यूएसबी डोंगलचे उलगडणे त्याहून सोपे, कारण संगणक आणि डोंगल यांच्यातली सारी बोलणी एका तारेवरून जातात आणि ती टिपून ठेवता येतात. विंडोजमध्ये डोंगल लावायचे, चॅनेल १ वरून ६ वर न्यायचे, आणि टिपलेल्या आकड्यांत नेमके काय बदलले ते पाहायचे. चॅनेल १ म्हणजे २४१२ मेगाहर्ट्झ आणि ६ म्हणजे २४३७, एवढे आपल्याला आधीच माहीत. म्हणजे ब्लेचलीचा हवामानाचा शब्दच हा!

तैवानच्याच झायडॅस कंपनीची झेडडी१२११ ही चिप एके काळी स्वस्त डोंगलांत सर्रास असे. कंपनीने आपला ड्रायव्हर खुला केला होता, पण तो इतका गचाळ की लिनक्सच्या मुख्य झाडात कोणी घेईना. त्यात आकडे होते, पण कोणता आकडा कशासाठी याचा खुलासा नव्हता. मँचेस्टर विद्यापीठात शिकणारा डॅनियल ड्रेक आणि जर्मनीतले उलरिख कुनित्झ यांनी तो पहिल्यापासून नवा लिहिला. सप्टेंबर २००६ च्या लिनक्स २.६.१८ पासून तो मिळू लागला. त्यात एक गंमत आहे. यातली काही डोंगले लावल्याबरोबर ‘मी सीडी आहे’ असे सांगतात, कारण पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. लिनक्सला त्या सीडीचा काय उपयोग? म्हणून ड्रेक-कुनित्झ यांचा ड्रायव्हर आधी त्या खोट्या सीडीला बाहेर काढण्याचा हुकूम देतो, की लगेच डोंगल आपले खरे रूप दाखवते.

हे सारे कायद्यात बसते का, असा प्रश्न आपल्यातील वकील मंडळी विचारतीलच. येथे १ जानेवारी १९९३ पासून कॉपीराइट कायद्याच्या ५०बी कलमानुसार, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहिण्यासाठी आवश्यक तेवढा उलगडा करण्यास मुभा आहे. मात्र ती माहिती सहज उपलब्ध असता कामा नये. भारतातही १९९९ च्या दुरुस्तीने ५२ व्या कलमात अशीच सवलत आली. चोरी आणि अभ्यास यांच्यातला फरक दोन्ही देशांच्या कायद्यांनी ओळखला, ही समाधानाची गोष्ट. मला विचाराल तर मुभेच्या पुढे जायला हवे होते. वस्तूचे पैसे मोजल्यावर ती कशी चालवावी याचे कागद मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाला हवा.

स्टॅनमोरच्या मुलींशी येथे साम्य संपते. त्यांना गुप्ततेची शपथ होती, आणि १९७४ मध्ये विंटरबॉथम यांचे पुस्तक येईपर्यंत त्यांतल्या कित्येकींनी घरच्यांनाही सांगितले नाही की आपण युद्धात काय करीत होतो. यंत्रे मोडून टाकली गेली. ड्रायव्हरवाल्यांनी मात्र प्रत्येक ओळ उघड्यावर ठेवली, म्हणून मूळ माणूस बाजूला झाला तरी काम पुढे चालते. लॅरी फिंगर हे अमेरिकेतले स्फटिकशास्त्रज्ञ निवृत्तीनंतर या कामात आले. रिअलटेकच्या चिपांचे ड्रायव्हर त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले. जून २०२४ मध्ये ते वारले; त्यांचा कोड चालूच आहे.

आता फोन करणाऱ्यांसाठी. डोंगल लावून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की एका ओळीत मध्ये विसर्गासारखे चिन्ह असलेल्या दोन चार-अंकी संख्या दिसतात. पहिली बनवणाऱ्याची, दुसरी मालाची. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. त्याच नावाच्या, त्याच रंगाच्या डोंगलमध्ये पुढच्या वर्षी कंपनी दुसरीच चिप घालते. माझी एकदा अशीच फसगत झाली : दोन सारखी डोंगले आणली, एक लावताक्षणी चालले, दुसरे अजून खणात आहे. चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये मुळातच असेल तर काहीच करावे लागत नाही. नसेल तर तो बाहेरून आणून आपल्या संगणकावर तयार करावा लागतो, आणि लिनक्सचा गाभा बदलला की पुन्हा. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी तसले डोंगल परत करावे, संकोच करू नये. आणि विकत घेण्याआधी आत चिप कोणती हे विचारावे. दुकानदाराला बहुधा माहीत नसते, पण विचारावे.