घरगुती बिअर : भरणी व साठवण (इंदूर परिसर)

लहान प्रमाणावर केलेली बिअर आंबून झाल्यावर कशात भरावी आणि पिईपर्यंत कुठे ठेवावी, यासंबंधीच्या पद्धती. कारखान्यातील बिअर बहुधा गाळून, पाश्चरीकरण करून भरतात. घरगुती बिअरमध्ये यीस्ट जिवंत राहते, म्हणून ती भरल्यानंतरही बदलत जाते. तिला बिघडवणाऱ्या गोष्टी तीन : उष्णता, हवा आणि उजेड. इंदुरात उष्णतेचा विचार सर्वांत आधी करावा लागतो.

कायदा : मध्य प्रदेशात मद्यनिर्मितीला १९१५ च्या अबकारी अधिनियमाखाली परवाना लागतो, परवान्याविना हौसेखातर घरी बिअर करणे हाही गुन्हाच ठरतो. आदिवासींना स्वतःच्या वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मुभा आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरटी वर्षाला २०० गॅलनपर्यंतची बिअर करमुक्त झाली (घरात एकच प्रौढ असल्यास १००). तिथल्या मराठी घरांना हा छंद उघडपणे जोपासता येतो तो त्यामुळे.

स्थानिक परंपरा : इंदूर विभागातील झाबुआ व अलीराजपूर जिल्ह्यांत साठवणुकीच्या या प्रश्नाचे उत्तर फार जुने आहे, आणि ते अभ्यासण्याजोगे आहे. ताडाच्या शेंड्याशी बांधलेल्या मडक्यात रस ठिबकू लागला की हवेतल्या व मडक्यातल्या यीस्टमुळे तो लगेच आंबू लागतो. पहाटे उतरवलेली ताडी गोड असते, दुपारपर्यंत ती चढते आणि त्यानंतर ॲसिटिक आम्ल वाढून आंबट होत जाते. ती घट्ट बंद केली तर वायू कोंडून भांडे फुटण्याचा धोका असतो. म्हणून ताडी साठवायची नाही, झाडाजवळच त्याच दिवशी संपवायची, न्यायचीच झाली तर मडक्यातून किंवा वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातून. मोहाची दारू ऊर्ध्वपातित असल्याने तिच्यात यीस्ट उरत नाही आणि मद्यार्कही भरपूर असतो; अलीराजपूरची ‘मोहुलो’ बाटलीत भरून दूरच्या बाजारात पाठवता येते ती त्यामुळेच. बिअर या दोन्हींच्या मध्ये पडते. हॉप्स, आम्लता आणि सुमारे पाच टक्के मद्यार्क यांच्या बळावर ती काही महिने टिकते, पण जागा थंड असेल तरच.

तापमान : बिअरच्या व्यवसायात एक ठोकताळा प्रचलित आहे. सुमारे ३२ अंश सेल्सिअसला तीन दिवसांत बिअरची चव जितकी उतरते, तितकी २२ अंशांना तीस दिवसांत आणि ३ अंशांना तीनशे दिवसांत उतरते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि माळव्यातल्या रात्री गारव्यासाठी नावाजलेल्या आहेत. तरीही मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. रात्रीच्या गारव्यावर विसंबून गच्चीलगतच्या खोलीत बाटल्या ठेवणे म्हणूनच चूक आहे. उन्हाळ्यात फ्रिजला पर्याय नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र तळमजल्यावरची अंधारी खोली पुरते.

बाटली : नवख्याने बाटलीपासूनच सुरुवात करावी. उपकरण स्वस्त आणि बिघडले तर नुकसान एका बाटलीपुरतेच. विल्यम पेंटरने १८९२ मध्ये पेटंट घेतलेले दातेरी पत्र्याचे झाकण आजही चालते, आणि आपल्याकडची ६५० मिलिलिटरची तपकिरी बाटली त्याला जुळते. तपकिरी काच उजेड बरीच अडवते. हिरव्या वा पारदर्शक काचेतून उजेड आत गेला की हॉप्समधील घटकांपासून उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. फेसासाठी भरतेवेळी लिटरमागे ६ ते ७ ग्रॅम साखर घालतात, म्हणजे एका मोठ्या बाटलीत साधारण ४ ग्रॅम. ती सगळ्या बिअरमध्ये पाक करून मिसळावी, बाटलीत चमच्याने मोजू नये. मापात चूक झाली, किंवा आंबवण पुरते संपण्याआधीच झाकण बसवले, की बाटली फुटते. नेमक्या भरलेल्या बाटलीतला दाबसुद्धा ४ अंशांपेक्षा ३८ अंशांना तीन-चारपट असतो. गुरुत्वमापीचा आकडा सलग दोन-तीन दिवस स्थिर राहिल्याखेरीज बाटल्या भरू नयेत. या नियमाला अपवाद करू नये.

केग आणि कॅन : १९ लिटरचा पोलादी केग मूळचा शीतपेयांच्या पाकासाठीचा. तो कार्बन डायऑक्साइडने आधी भरून घेतला तर हवेचा संपर्क जवळजवळ टळतो; साखर मोजण्याची गरज उरत नाही. त्याला वायूची टाकी, नियामक आणि केग मावेल एवढा फ्रिज लागतो. खर्च परवडत असेल आणि आठवड्याला ठरावीक बिअर संपत असेल तर केग उत्तम. महिनोन्‌महिने ठेवून चाखायच्या कडक बिअरसाठी बाटलीच बरी. बिअरचा कॅन १९३५ पासून बाजारात आहे. त्यातून उजेड मुळीच जात नाही, पण तो बंद करायला यंत्र लागते.

प्लॅस्टिकची पेट बाटली काही आठवड्यांपुरतीच वापरावी, कारण तिच्या भिंतीतून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. तिचा दुसरा उपयोग महत्त्वाचा आहे : काचेच्या बाटल्यांबरोबर एक पेट बाटली भरून ठेवली तर ती दाबून आतला दाब कळतो. ती दगडासारखी कडक झाली की काचेच्या बाटल्या ताबडतोब थंड कराव्यात.