ग्वाल्हेरचे आफ्रिकी सिंह

सप्तव्यसनांची नावं आपल्या मुलांकडून पाठशाळेत तोंडपाठ करून घेतात. जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री. मुलं एका दमात म्हणून टाकतात. जुगाराची, दारूची धास्ती प्रत्येक आईला असते. शिकारीची कोणाला असणार? आपल्या घरात सात पिढ्यांत कुणी बंदूक धरली नाही. हे व्यसन राजेरजवाड्यांचं, त्याच्याशी आपला काय संबंध, असं म्हणून आपण पुढच्या शब्दाकडे वळतो.

पण आम्हा मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांना राजेरजवाडे कधी दूर नव्हते. इंदूरच्या बायका मुलांना घेऊन राळामंडळच्या टेकडीवर सहलीला जातात, तिथे वर उभी आहे ती होळकरांची शिकारकोठी. आता तिथे अभयारण्य आहे. उत्तरेला ग्वाल्हेरात शिंदे. जयविलास राजवाड्यात गेलं की पाहुण्यांच्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी बघून आपण थक्क होतो आणि पेंढा भरलेल्या वाघांपाशी उभं राहून फोटो काढतो. ही दोन्ही घराणी आपलीच भाषा बोलणारी. म्हणून त्यांतल्या एका शिकारीच्या खटाटोपाची हकीकत मला आपल्या बायकांपुढे मांडावीशी वाटते. त्यात सिंह आफ्रिकेचे, जंगल ग्वाल्हेरचं, आणि बिल भलत्यांच्याच नावावर फाटलेलं.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. सिंह म्हटलं की आज आपल्याला फक्त गीर आठवतं. पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी सिंह उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी होता. आमच्या भागातला शेवटचा सिंह १८७३ साली गुण्याजवळ मारला गेल्याची नोंद आहे. गुणा म्हणजे ग्वाल्हेर संस्थानाचाच मुलूख, इंदूरहून ग्वाल्हेरला जाताना वाटेत लागतो तो. साहेब लोकांच्या हातात नव्या बंदुका आल्या, जंगलं तुटून शेतं झाली आणि सिंह संपला. उरले ते जुनागढच्या नबाबाच्या गीरमध्ये, तेही मोजके. १९०० साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन जुनागढला आला तेव्हा त्याच्यासाठी सिंहाची शिकार ठरली होती. सिंह किती थोडे उरलेत हे कळल्यावर त्याने ती टाळली आणि नबाबाला सिंह जपायला सांगितलं. एवढ्यापुरतं त्याचं कौतुक करायला हरकत नाही.

पण याच कर्झनच्या सूचनेवरून ग्वाल्हेरची गोष्ट सुरू झाली. गीरचे सिंह मिळणार नसतील, तर आफ्रिकेतून आणून ग्वाल्हेरच्या जंगलात सोडावेत, अशी ती कल्पना. ती उचलली माधवराव शिंद्यांनी. माधवराव (१८७६ ते १९२५) काही ऐषआरामात बुडालेले राजे नव्हते. त्यांनी छोट्या रुळांची आगगाडी गावोगाव नेली, धरणं बांधली, कारभाराला शिस्त लावली. पण शिकारीचा नाद मोठा. वाघाची शिकार कशी आखावी यावर त्यांनी इंग्रजीत पुस्तकच लिहिलं, ते १९२० साली निघालं. एकवीस तोफांच्या सलामीचं हे संस्थान. आलेल्या प्रत्येक मोठ्या साहेबाला वाघ मिळवून देणं हा तिथे राज्यकारभाराचाच एक भाग होता. शिवपुरीच्या जंगलात जॉर्ज कॅसल नावाची कोठी आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा शिकारीला येणार, तर त्याला एक रात्र उतरायला जागा हवी म्हणून ती बांधली. बादशहाला वाघ वाटेतच मिळाला आणि तो तिथे राहिलाच नाही, असं सांगतात. लग्नघरात पाहुणा जेवला नाही की आपण हळहळतो. इथे अख्खी कोठी तशीच राहिली.

अशा दरबाराला वाघ पुरेनासा झाला आणि सिंह हवा झाला, यात नवल नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आफ्रिकेतून सिंह विकत घेऊन बोटीने आणले गेले. काही वाटेतच मेले. जगले त्यांना श्योपूरच्या जंगलात डोबकुंडला ठेवलं. उंच भिंती बांधून तिथे त्यांच्यासाठी आवार केलं होतं. सिंह वाढावेत, पिल्लं व्हावीत, मग ती जंगलात सोडावीत आणि पुढे कधीतरी पाहुण्यांनी त्यांची शिकार करावी, असा बेत.

मी गृहिणी आहे, माझं डोकं आधी रोजच्या शिध्याकडे जातं. पिंजऱ्यातल्या मोठ्या सिंहाला दिवसाला पाच ते सात किलो मांस लागतं. वर्षाचा हिशेब केला तर एका सिंहामागे दोन हजार किलोच्या आसपास होतं. हे दहा-पंधरा वर्षं चाललं. म्हणजे ज्या दिवशी एकही बंदूक उडाली नव्हती, त्या दिवसापर्यंतच किती म्हशी, पाडे, बकऱ्या या एका शिकारीच्या खाती लागल्या होत्या, याचा अंदाज आपला आपणच करावा.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सिंह जंगलात सोडले. मग व्हायचं तेच झालं. सिंहाचं पिल्लू शिकार आईकडून आणि कळपातल्या मावश्यांकडून शिकतं. दोन-दोन वर्षं त्यांच्या मागे हिंडतं, चुकतं, उपाशी राहतं, तेव्हा कुठे त्याला हरणामागे धावणं जमतं. भिंतीच्या आत माणसाच्या हातचं मांस खाऊन वाढलेल्यांना हे कोण शिकवणार? माणसाची भीती नाही, उलट माणूस म्हणजे अन्न हीच ओळख. ते सरळ गावच्या गुरांवर गेले. मग माणसांवरही. काहींना परत पकडलं, पुन्हा सोडलं. शेवटी सगळे गोळ्या घालून मारले गेले. ज्यासाठी आणले होते तेच झालं म्हणायचं, फक्त त्यात पाहुणा नव्हता, मेजवानी नव्हती, फोटो नव्हता. नरभक्षक आहे, मारून टाका, एवढंच.

त्या जंगलात राहणारे लोक मुख्यतः सहरिया आदिवासी. गाय गेली म्हणजे त्या घरातलं दूध गेलं, बैल गेला म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणी गेली. शिकारीच्या वेळी हाका घालायला ढोल-डबे घेऊन पुढे जायचं ते याच लोकांनी. राजवाड्याच्या भिंतीवर वाघाचं मुंडकं लागतं, त्याखाली पितळी पाटीवर मारणाऱ्याचं नाव असतं. हाका घालणाऱ्याच्या नावाची पाटी मी कुठल्याच राजवाड्यात पाहिलेली नाही.

ज्या खंडातून हे सिंह आले तिथेही चित्र वेगळं नव्हतं, आणि तिथे तर आपलीच माणसं होती. केनियातून युगांडा रेल्वेचे रूळ टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले. त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच दगावले. १८९८ साली त्सावो नदीवर पूल चालू असताना दोन सिंह रात्री तंबूत शिरून मजुरांना ओढून नेऊ लागले. काम थांबलं, शेकडो मजूर मिळेल त्या गाडीने पळाले. पुलाचा इंजिनिअर पॅटरसन याने त्या डिसेंबरात दोन्ही सिंह मारले, पुढे त्यावर पुस्तक लिहून तो जगभर गाजला. १९२४ साली त्याने दोन्ही कातडी शिकागोच्या फील्ड म्युझियमला पाच हजार डॉलरला विकली. सिंह आजही तिथे काचेआड उभे आहेत. पण त्यांनी किती हिंदी मजूर मारले याचा आकडा कुणी अठ्ठावीस सांगतं, कुणी सव्वाशेच्या वर. कातड्यांची किंमत डॉलरमध्ये कळते, माणसांची मोजदादसुद्धा धड नाही.

१९०९ साली अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मुलाला घेऊन आफ्रिकेत शिकारीला गेला. अडीचशेच्या आसपास हमाल, श्रीमंतांच्या देणग्या आणि संग्रहालयासाठी नमुने गोळा करण्याचं कारण. बापलेकांनी मिळून पाचशेवर जनावरं मारली, त्यात सतरा सिंह.

हे सारं जुन्या काळचं म्हणून सोडून देता येत नाही. आजही आफ्रिकेतल्या काही देशांत पैसे भरून सिंह मारता येतो. रोजचा मुक्कामाचा दर, सोबतच्या धंदेवाईक शिकाऱ्याची फी, जनावराची वेगळी फी, कातडं भरण्याचा आणि देशात नेण्याचा खर्च, असं सगळं लग्नाच्या हॉलसारखं पॅकेज असतं. २०१५ साली झिम्बाब्वेत सेसिल नावाचा तेरा वर्षांचा सिंह मारला गेला. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधला होता. अमेरिकेहून आलेल्या शिकाऱ्याने या हौसेसाठी सुमारे पन्नास हजार डॉलर मोजले होते, म्हणजे तेव्हाचे तीस लाखांहून जास्त रुपये. मेलेल्या हत्तीच्या मांसाच्या आमिषाने सिंहाला बोलावलं, रात्री बाण मारला आणि तो जखमी सिंह कितीतरी तास तसाच जिवंत होता. दक्षिण आफ्रिकेत तर सिंह गाई-म्हशींसारखे कुंपणात पाळतात. छावे आधी पर्यटकांना कुरवाळायला देतात आणि मोठे झाले की कुंपणातच गोळी घालायला. डोबकुंडचा फसलेला बेत तिथे धंदा होऊन बसला आहे.

शिकारीच्या पैशातून जंगलं राखली जातात आणि आसपासच्या गावांना उत्पन्न मिळतं, असं मानणारे जाणकारही आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. जिथे पर्यटक फिरकत नाहीत तिथे जंगल राखायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न खराच आहे. पण त्या पैशातला किती वाटा गावापर्यंत पोहोचतो, यावर तिथेच वाद आहेत. आणि मला राहून राहून वाटतं, की सिंह जगावा म्हणून सिंह मारायला माणूस बोलवावा लागतो, ही माणसाच्या तिजोरीची लाज आहे. सिंहाचा त्यात काय दोष?

आता डोबकुंडकडे परत येऊ, कारण त्या जागेशी आपलं जुनं नातं आहे. तिथे एका जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. विक्रम संवत ११४५, म्हणजे इ.स. १०८८ चा शिलालेख तिथे सापडला. कच्छपघात घराण्यातल्या विक्रमसिंह राजाने मंदिराला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. गहू पेरण्यासाठी शेत, विहिरीसह बाग, आणि दिव्यांसाठी व मुनींच्या अंगाला लावण्यासाठी तेल. किती घरगुती यादी आहे ही! तेल किती लागेल, गहू किती लागेल, हा विचार करून दिलेलं दान. आठशे-साडेआठशे वर्षांनी त्याच परिसरात दुसऱ्या एका राजाने सिंहांच्या मांसाची सोय केली. पहिल्या राजाच्या दानाचा दगड तेवढा उरला आहे. दुसऱ्याच्या भिंती ढासळल्या आहेत.

आणि सिंह आपल्याला परका कुठे आहे? त्रिशलामातेच्या स्वप्नात तो आला, महावीरस्वामींचं लांछन तोच. पुराणात महावीरांच्या मागच्या भवांची कथा आहे. त्यात त्यांचा जीव एका भवात सिंहाच्या देहात होता. हरीण फाडत असलेल्या त्या सिंहाला दोन चारण मुनींनी उपदेश केला, त्याचे डोळे पाण्याने भरले आणि त्याने हिंसा सोडली. त्या मुनींनी समोर सिंह बघितला तेव्हा त्यांना त्यात होणारा तीर्थंकर दिसला. कर्झनला आणि महाराजांना दिसला तो फक्त एक नेम.

आपल्या शास्त्राने पापाचे तीन वाटे सांगितले आहेत: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि केलेल्याला मान डोलावणं. ग्वाल्हेरच्या शिकारीत गोळी झाडणारा साहेब पहिल्या घरात, बेत आखणारा दरबार दुसऱ्या घरात. तिसरं घर मोठं असतं, त्यात गर्दी मावते. दरबारात बसून वाहवा करणारे त्यात होते. आज वाघाच्या मुंडक्याखाली उभं राहून "काय थाट होता हो त्या काळी" म्हणणाऱ्या आपणही त्यात येतो.

त्याच जंगलाचं नाव आज कुनो. गीरच्या सिंहांना दुसरं घर असावं म्हणून १९९८ ते २००३ च्या दरम्यान तिथली चोवीस गावं उठवली. दीड हजारांवर कुटुंबं, बहुतेक सहरिया. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सिंह पाठवायला सांगितलं, पण ते काही आले नाहीत. २०२२ साली नामिबियातून चित्ते आले. २०२५ च्या गणनेनुसार गुजरातमध्ये ८९१ सिंह आहेत, त्याचा आनंद कुणाला होणार नाही? पण माधवरावांच्या सिंहांनी ज्यांची गुरं खाल्ली, त्यांच्याच नातवंडांनी पुढे न आलेल्या सिंहांसाठी घरं सोडली. जीवदयेच्या पावतीवर रक्कम लिहिताना मला आता ही घरंही दिसतात. पांजरपोळातल्या गाईला चारा आपण घालतोच, घालत राहू. पण जंगल राखण्यासाठी ज्याची चूल उठली, त्याच्या लेकराची फी आणि औषधं आपल्या जीवदयेत बसत नसतील, तर ती दया जरा मोठी करायला हवी. एवढं तर आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीतसुद्धा ठरवता येईल.