अंकुराची वाढ

आपल्या चित्रपटकलेचा आरंभ राजा हरिश्चंद्राच्या सत्त्वपरीक्षेने झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याआधी परीक्षा झाली ती वाटाण्याच्या एका दाण्याची! १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायतेस गेले व कॅमेऱ्याची खरेदी करून परतले. परंतु चित्रपटास भांडवल कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखून ठेवला आणि ठराविक अवकाशाने एकेक चित्र घेतले. त्या काळी पडद्यावर सेकंदास सुमारे १६ चित्रे सरकत. म्हणजे मिनिटभराच्या खेळास साडेनऊशेंहून अधिक चित्रे हवीत. अनेक दिवसांची वाढ क्षणांत उलगडली, अंकुराचे डोळ्यांदेखत रोप झाले, आणि ते पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पुढे 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात फाळक्यांनी निर्जीव काड्यांनाही याच रीतीने हालती केली. आज घरोघरी मुले मोबाईलवर असले खेळ सहज करतात. त्यांनी एकदा कुंडीत वाटाणा पेरून पाहावा. यंत्र कितीही सुधारले, तरी अंकुर आपल्याच गतीने वाढतो. फाळक्यांप्रमाणे त्यांनाही त्याची वाट पाहावीच लागेल.