बंदूक कुणाच्या हातात? अमेरिकन घटनेतल्या एका वाक्याचा हिशेब

पँथर हे नाव १९७२ साली मुंबईत आलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. नावाबरोबर त्यांचे फोटोही आले. काळी जाकिटं, तिरक्या टोप्या, हातात बंदुका. आजही आपली पोरं हे फोटो एकमेकांना दाखवतात. पण त्या पोरांच्या हातात बंदूक होती ती चोरून नव्हती, कायद्यानं होती. कायद्याचं मूळ त्यांच्या घटनेत होतं. ते मूळ कुणासाठी होतं आणि काळ्यांनी त्याला हात लावल्यावर काय झालं, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असलं पाहिजे. म्हणून हा लेख.

सुरुवात इंग्लंडपासून करू. राजा दुसरा जेम्स कॅथलिक होता. त्यानं प्रॉटेस्टंट लोकांची शस्त्रं काढून घेतली आणि स्वतःची खडी फौज वाढवली, अशी लोकांची तक्रार. त्याला पळवून लावल्यावर १६८९ साली पार्लमेंटनं हक्कांचा कायदा केला. त्यात लिहिलं की प्रॉटेस्टंट प्रजेला स्वसंरक्षणासाठी, आपापल्या दर्जाला शोभतील आणि कायदा परवानगी देईल अशी शस्त्रं बाळगता येतील. दर्जाला शोभतील अशी! कुणी घोड्यावर बसावं, कुणी कोणतं कापड नेसावं, हे दर्जावर ठरवणाऱ्या देशातल्या आपल्या माणसांना या शब्दांचा अर्थ फोडून सांगायला नको. हा हक्क धर्म आणि पायरी बघूनच जन्माला आला.

इंग्लंडमधून तो अमेरिकेतल्या वसाहतींत गेला. तिथं कायमची फौज नव्हती. गावोगावचे पुरुष आपापल्या बंदुका घेऊन जमत. याला मिलिशिया म्हणत. १९ एप्रिल १७७५ ला ब्रिटिश फौज काँकर्ड गावातली शस्त्रं आणि दारूगोळा जप्त करायला निघाली आणि वाटेत लेक्झिंग्टनला गोळी सुटली. स्वातंत्र्ययुद्ध पेटलं ते असं.

युद्ध जिंकलं. १७८७ साली घटना लिहिली. तिच्यात मिलिशिया उभी करण्याचा, तिला शस्त्रं पुरवण्याचा अधिकार मध्यवर्ती काँग्रेसला दिला. त्यावर राज्यांतले पुढारी भडकले. १७८८ मध्ये व्हर्जिनियाच्या सभेत जॉर्ज मेसन आणि पॅट्रिक हेन्री यांनी विचारलं, काँग्रेसनं मिलिशियाला शस्त्रंच दिली नाहीत तर? आणि हेन्रीनं आणखी एक प्रश्न केला. गुलामांनी बंड केलं तर ते मोडायला मिलिशिया बोलावण्याचा अधिकार राज्याकडं राहील का?

हा प्रश्न फालतू नव्हता. दक्षिणेत रात्रीच्या गस्ती असत. गुलामांच्या झोपड्या तपासायच्या, शस्त्र सापडलं तर काढून घ्यायचं, चिठ्ठीशिवाय रस्त्यावर दिसला त्याला फटके मारायचे. मिलिशियातलीच माणसं या गस्तीवर जात. १७३९ साली साऊथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी दुकान फोडून बंदुका घेतल्या होत्या. ती भीती मालकांच्या पोटातून कधी गेली नाही.

१७९१ साली दुसरी दुरुस्ती मंजूर झाली. एकच वाक्य आहे. त्याचा मतलब असा: स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुव्यवस्थित मिलिशिया गरजेची असल्यामुळं, शस्त्रं बाळगण्याचा आणि धारण करण्याचा जनतेचा हक्क मोडता येणार नाही. ती राजेशाही फौजेच्या भीतीनं आली, राज्यांच्या हट्टानं आली की गुलामांच्या धाकानं, यावर इतिहासकार अजून भांडतात. या तीन गोष्टी तेव्हा एकाच समाजात एकत्र नांदत होत्या, एवढं मात्र पक्कं.

पण खरी गोम ‘जनता’ या शब्दात आहे. गिरणीतल्या कामगाराला माहीत असतं, नोटिशीवर लिहिलेला नियम वेगळा आणि जॉबर लावतो तो वेगळा. तसंच इथं. दुरुस्तीनंतर एका वर्षातच, १७९२ साली, मिलिशियाचा कायदा झाला. त्यात नाव नोंदवायचं कुणी? १८ ते ४५ वयाच्या, धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकानं. बंदूकही त्यानं स्वतःच आणायची. टेनेसी राज्याच्या १७९६ च्या घटनेत हा हक्क ‘स्वतंत्र माणसांना’ होता. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामानं बंड केलं. १८३४ साली टेनेसीनं घटना बदलली आणि तिथं ‘स्वतंत्र गोरी माणसं’ असं लिहिलं. एक शब्द वाढवला आणि हक्क काढून घेतला.

१८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सुप्रीम कोर्टाचा मुख्य न्यायाधीश रॉजर टॅनी यानं आडपडदा न ठेवता लिहिलं. काळ्यांना नागरिक मानलं तर त्यांना सभा घेता येतील, जातील तिथं शस्त्र बाळगता येईल, म्हणून ते नागरिक असूच शकत नाहीत. निकाल आधी ठरलेला, कारण मागून जोडलेलं.

पुढं यादवी युद्ध झालं. सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. गुलामी गेली. आणि त्याच १८६५ साली मिसिसिपीनं कायदा केला: परवान्याशिवाय काळ्यानं बंदूक, दारूगोळा, खंजीर बाळगायचा नाही. १८६८ साली १४ व्या दुरुस्तीनं काळ्यांना नागरिकत्व मिळालं. पण १३ एप्रिल १८७३ ला लुईझियानात कोलफॅक्स इथं हत्यारबंद गोऱ्या जमावानं कोर्टाची इमारत वेढली आणि डझनांनी काळी माणसं मारली, शरण आलेलीसुद्धा. खटला सुप्रीम कोर्टात गेला. १८७६ साली कोर्ट म्हणालं, दुसरी दुरुस्ती फक्त काँग्रेसला बांधते. गोऱ्या माणसानं काळ्याचा हक्क मोडला तर त्याला ती लागू नाही. आरोपी सुटले.

आता पँथरकडं येऊ. ऑक्टोबर १९६६, ओकलंड. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी पक्ष काढला. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघड बाळगायला बंदी नव्हती. पोलीस काळ्या माणसाला अडवत तिथं पँथर जाऊन उभे राहत. हातात बंदूक आणि कायद्याचं पुस्तक. न्यूटननं कायदा वाचला होता, तो पोलिसांना कलमं ऐकवायचा. लगेच डॉन मलफर्ड नावाच्या आमदारानं बंदी आणणारं विधेयक मांडलं. २ मे १९६७ ला जवळजवळ ३० पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शिरले. जुलैत गव्हर्नर रोनाल्ड रेगननं त्या कायद्यावर सही ठोकली. बंदूकवाल्यांची मोठी संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, तिनंही पाठिंबा दिला. पावणेदोनशे वर्षं पवित्र असलेला हक्क काळ्याच्या खांद्यावर दिसल्याबरोबर धोकादायक झाला.

आणि बंदुकीनं पँथर वाचले का? ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टनला त्याच्या घरात ठार केलं. वय २१. चौकशीत निघालं की पोलिसांच्या ८० हून जास्त गोळ्या, आतून फार तर एक. त्याच १९६९ साली पँथरनी शाळकरी पोरांना सकाळचा फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती. त्याचा फोटो आपल्या भिंतीवर क्वचितच असतो.

पुढं २००८ साली सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, हा हक्क मिलिशियाचा नसून एकेका व्यक्तीचा आहे. २०१० साली तो राज्यांनाही लागू केला. तो खटला आणणाऱ्यांत ओटिस मॅकडोनल्ड हा शिकागोचा म्हातारा काळा माणूस होता.

हाच प्रश्न आपल्या घटना समितीतही आला होता. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं हिंदी माणसाला लायसनशिवाय शस्त्र बंद केलं आणि युरोपियनांना मोकळं सोडलं. तो राग १९३१ च्या कराची ठरावात उतरला. डिसेंबर १९४८ मध्ये एच. व्ही. कामत यांनी शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांत घाला अशी सूचना मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला. प्रत्येकानं बाजारात जाऊन हवं ते हत्यार घ्यायचं म्हटल्यावर राज्य चालणार कसं, असा त्यांचा सवाल. शस्त्र धरण्याचा हक्क नको, राज्य संकटात असताना शस्त्र धरण्याचं कर्तव्य पाहिजे, असं ते म्हणाले. सूचना पडली. आपल्या १९ व्या कलमात एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेनं आणि विनाशस्त्र.

मला यात बाबासाहेबांचा हिशेब दिसतो तो असा. बाजार खुला केला तर पहिली बंदूक पाटलाच्या वाड्यात जाईल, आपल्या वस्तीत नाही. अमेरिकेचा सगळा इतिहास हेच सांगतो.

पण म्हणून आपण हात बांधून बसायचं नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ सालच्या नियमांतला तिसरा नियम काढून वाचा. ज्या भागात अत्याचाराचा धोका आहे तिथं सवर्णांची शस्त्रांची लायसनं रद्द करता येतात, बेकायदा हत्यारं जप्त करता येतात, आणि गरज असेल तर दलित-आदिवासींना लायसन देता येतं. किती कलेक्टरांना हे कुणी लेखी विचारलंय? पुढचा मोर्चा कचेरीवर जाईल तेव्हा निवेदनात या नियमाचा आकडा घाला, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.