पाठीवरची अंधारखोली

माझ्यापाशी एका वीरगळाचे छायाचित्र आहे. ते काढले मी आणि बिघडवलेही मीच. तो वीरगळ आता दिसत नाही, त्यामुळे त्या छायाचित्राचे ओझे जरा अधिकच वाटते.

२०१४ साली शाळेच्या स्मरणिकेसाठी नववीची मुले घेऊन आम्ही पंचक्रोशीत हिंडलो होतो. खानापूर-बेळगावच्या या भागात शेताच्या बांधावर, देवळामागे, तळ्याकाठी असे दगड अजून उभे आहेत. तळच्या खणात लढाई, मधल्या खणात वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर. दोन दिवसांत मुले ते पटापट ओळखू लागली. एका दगडावर दोन खणांमधल्या पट्टीत जुन्या कानडीतल्या दोन ओळी होत्या. दगडाची गोष्ट सांगणारी म्हातारी मराठी बोलत होती आणि दगड कानडी. आपल्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. ओळी वाचणारा जाणकार पुढे कधी भेटेल, या भरवशावर मी जवळून फोटो घेतला आणि घरी येऊन तो लॅपटॉपवर ‘सुधारला’.

लॅपटॉप स्वस्तातला होता. त्याच्या स्क्रीनचा उजेड मी पुरा वाढवून ठेवीत असे. डोळ्यांचे वय झाले, दुसरे काय! त्या झगमगाटात दगड फिका दिसे, म्हणून मी सावल्या गडद केल्या, आणखी गडद केल्या, आणि समाधानाने ‘सेव्ह’ म्हटले. मूळ फाइलवरच. स्मरणिका छापून आली तेव्हा त्या पट्टीच्या जागी काळा डाग होता. पुन्हा जाऊन फोटो घेऊ, असे ठरवले. मग परीक्षा आल्या, निकाल आले, शाळेची छपराची कामे निघाली आणि जाणे राहिले. २०१६ साली देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि दगड नव्या ओट्याच्या सिमेंटात गेला. गावकऱ्यांना मी दोष देत नाही. त्या दगडाचे मोल त्यांना सांगायचे काम इतिहासाच्या मास्तराचे होते.

मुलांच्या वह्या तपासताना मी नेहमी बजावतो की चुकलेला शब्द एका रेघेने खोडा, गिरवून काळा करू नका, खालचे वाचता आले पाहिजे. असो.

यंदा माजी विद्यार्थ्यांनी आपसांत वर्गणी काढून पन्नास हजार रुपये पाठवले. उन्हाळ्याच्या सुट्टीत राहिलेली गावे पुरी करावीत, त्यासाठी सोबत नेता येईल असा लॅपटॉप घ्यावा, अशी त्यांची इच्छा. पुण्याला असलेला एक जण फोनवर म्हणाला, ‘‘सर, गेमवाला घ्या, भारी असतो.’’ दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘सर, हा घ्या, एकदम चकाचक.’’ चकाचक या शब्दाची मला आता धास्ती बसली आहे. तेव्हा दुकानातून मी उठलो आणि ग्रंथालयात जाऊन बसलो. आपल्याआधी या मुलखात कॅमेरा घेऊन जे हिंडले, त्यांनी बरोबर काय नेले आणि घरी काय ठेवले, हे आधी पाहावे म्हटले.

आपल्याकडचा पहिला मोठा दाखला १८५५ सालचा. देवळे, लेणी, शिलालेख यांची चित्रे चित्रकारांकडून काढून घेणे कंपनी सरकारला महाग पडत होते आणि वेळही फार जाई. फोटो स्वस्त आणि बिनचूक, असा हिशेब मांडून मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांना या कामावर नेमले. बिग्ज यांनी विजापूर, बदामी, ऐहोळे या बाजूची स्थळे टिपली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते लष्करी कामावर परत गेले आणि डॉ. पिगो व त्यांच्यामागून डॉ. नील यांनी काम पुढे नेले. या तिघांची छायाचित्रे १८६६ साली धारवाड आणि म्हैसूरच्या वास्तुशिल्पावरील मोठ्या ग्रंथात आली. त्यातला ऐतिहासिक मजकूर कर्नल मेडोज टेलर यांचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या सुरापूरकर टेलरसाहेबांचा. म्हणजे पैशाची ओढाताण या धंद्याच्या मुळातच आहे. मी काही पहिला नव्हे.

बिग्ज यांची निगेटिव्ह कागदाची असे. कागद हलका, फुटत नाही, आदल्या रात्री रसायनात भिजवून ठेवता येतो आणि फोटो घेतल्यावर संध्याकाळी मुक्कामी धुता येतो. दोष एवढाच, की कागदाचे तंतू चित्रात उतरतात आणि बारीक रेघ मऊ पडते. काचेवर रेघ स्वच्छ येते. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने कलोडियनची, म्हणजे ओल्या काचेची, पद्धत प्रसिद्ध केली. तिचे पेटंट त्याने घेतले नाही. जगाने ती फुकट वापरली आणि आर्चर १८५७ साली गरिबीत वारला.

पण ही ओली काच मोठी हट्टी. तिच्यावर कलोडियनचा हात फिरवायचा, चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढायची. सगळा कारभार दहा-पंधरा मिनिटांचा, आणि तोही अंधारात. म्हणून ज्याला प्रवासात फोटो काढायचे, त्याने अंधारखोलीच बरोबर न्यायची. क्रिमियाच्या युद्धावर १८५५ साली गेलेल्या रॉजर फेंटनने दारूच्या व्यापाऱ्याची जुनी गाडी घेऊन तिची अंधारखोली केली होती. उन्हात ती भट्टीसारखी तापे. सॅम्युएल बोर्नची गोष्ट तर आपल्या देशातलीच. सिमल्याहून १८६३ साली तो हिमालयात निघाला तेव्हा बरोबर तीसेक हमाल होते. १८६६ च्या तिसऱ्या सफरीत ते ऐंशीच्या घरात गेले. काचा, बाटल्या, तंबू, खाणेपिणे असा तो सगळा संसार माणसांच्या पाठीवरून चालला होता. त्याच सफरीत त्याने मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, काच धुतली. चित्रे अप्रतिम आहेत यात वाद नाही. पण त्या पाठींपैकी एकीचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही, हे मला वर्गात शिकवताना टोचते.

आता यातली जी गोष्ट माझ्या कामाची होती ती सांगतो. बोर्नला जागेवरच कळे. काच धुतली की चित्र डोळ्यांसमोर. बिघडले तर तिथेच दुसरी काच. खिंड उतरल्यावर हळहळण्याची वेळ नाही.

पुढे १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरने जिलेटिनची कोरडी काच सुचवली. कलोडियनमधल्या ईथरच्या वाफा त्याच्या प्रकृतीला सोसत नव्हत्या. दहा वर्षांत कोरड्या काचा कारखान्यातून तयार मिळू लागल्या आणि अंधारखोली घरी राहिली. लाला दीनदयाळ यांचे मोठे काम या बदलत्या काळातले. इंदूरला बांधकाम खात्यात ते नकाशे आणि अंदाजपत्रके करीत. १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले आणि मध्य भारतातल्या स्मारकांची त्यांनी काढलेली छायाचित्रे १८८६ साली लेपेल ग्रिफिन यांच्या ग्रंथात आली. ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांना ती पाहिल्यावर घरची वाटतील. १८८८ साली कोडॅकची पेटी आली: पंचवीस डॉलर, आत शंभर फोटोंचे रोल, संपले की सगळी पेटीच कारखान्यात धाडायची. १९२५ साली लायका आला. तो करणारा ऑस्कर बार्नाक दमेकरी, त्याला जड कॅमेरा वाहवत नसे. खोली हलकी होत होत नाहीशी झाली खरी, पण जागच्या जागी पाहण्याची सोयही तिच्याबरोबर गेली.

हे आमच्या पिढीने अनुभवले आहे. कॉलेजात असताना छत्तीस फोटोंचा रोल आम्ही महिनाभर पुरवून वापरीत असू. मग स्टुडिओत द्यायचा आणि आठ दिवस वाट पाहायची. ओळखीच्या स्टुडिओवाल्याने एकदा मला आत घेतले होते. लाल दिवा, हायपोचा वास, आणि ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू उमटणारे कुणाचेतरी लग्न. एन्लार्जरखाली कागदावर उजेड पडत असताना तो तळहात आडवा धरी आणि चेहऱ्यावरची सावली हलकी करी. फोटोशॉप या प्रोग्रामात याच कामासाठी एक चिन्ह आहे, काडीला लावलेल्या गोल चकतीचे. गडद करण्याचे चिन्ह म्हणजे मुडपलेला हात. ज्या नोल बंधूंनी तो प्रोग्राम लिहिला, त्यांच्या वडिलांची घराच्या तळघरात अंधारखोली होती. १९९० च्या फेब्रुवारीत तो बाजारात आला. टेबलावरचा संगणक म्हणजे पुन्हा एक खोलीच, फक्त उजेडातली.

ती पाठीवर घेता यायला वेळ लागला. १९८१ चा ऑस्बोर्न हा ‘नेता येण्याजोगा’ संगणक अकरा किलोंचा होता आणि त्याचा पडदा पाच इंचांचा. १९९१ साली कोडॅकने बातमीदारांसाठी डिजिटल कॅमेरा काढला, त्याच्या वायरला खांद्यावर अडकवायची एक पेटी होती, दोनशे मेगाबाइटची चकती आणि छोटासा पडदा असलेली. किंमत वीस हजार डॉलरच्या वर. आज हसू येते. पण ती पेटी कशासाठी होती, हे पाहिले म्हणजे हसू ओसरते. टिपलेले नीट आले की नाही, ते तिथेच पाहण्यासाठी होती.

माझा हिशेब इथे सुटला. आजचा कॅमेरा ‘रॉ’ फाइल देतो, ती म्हणजे कोरडी काच. तिचे धुणे घरी, सवडीने, हवे तितक्या वेळा करता येते. डार्कटेबलसारखे फुकट मिळणारे प्रोग्राम तिला हात न लावता केलेले बदल निराळे लिहून ठेवतात. मूळ तसेच राहते. २०१४ साली मला एवढे ठाऊक असते तर! तेव्हा रानावनात नेण्याच्या लॅपटॉपकडून माझी मागणी एकच: संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर बसून दगड खरा दिसला पाहिजे, म्हणजे पट्टी नीट आली नसेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात पुन्हा जाता येईल. गेमवाल्याचे जोरदार ग्राफिक कार्ड इथे हमालांचा तांडा ठरते; वजन वाढते आणि बॅटरी लवकर बसते.

म्हणून पैसा आधी स्क्रीनवर. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे बारीक अक्षरांत असते. याचा अर्थ, १९९६ साली ठरलेल्या एसआरजीबी या नेहमीच्या रंगमापापैकी तो साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवतो. मग माणूस फिक्या दिसणाऱ्या शेंदरात आणखी शेंदूर ओततो आणि छापल्यावर देव पेटल्यासारखा दिसतो. शंभर टक्के एसआरजीबी आणि आयपीएस जातीचा स्क्रीन हवा, जो किंचित कलला तरी सावल्या बदलत नाहीत. दुसरे, सोळा जीबी मेमरी. पुष्कळ हलक्या लॅपटॉपांत ती पुढे वाढवता येत नाही, घेतानाच पाहावी. प्रोसेसर चार-पाच वर्षांपूर्वीचा असला तरी फारतर फाइल उघडायला दोन क्षण अधिक लागतील. आर्चरच्या दहा मिनिटांपुढे ते काय!

नव्या मालात हे सगळे बसेना. शेवटी एका कंपनीने वापरून काढलेला, चौदा इंची, दीड किलोच्या आतला लॅपटॉप छत्तीस हजारांना घेतला. घेताना दुकानात तासभर बसलो, स्वतःचे फोटो घालून पाहिले, बॅटरी किती झिजली आहे तेही पाहिले. दहा हजारांत दोन बाहेरच्या डिस्क आल्या, दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत राहतात. स्क्रीन जुळवण्याचे यंत्र परवडले नाही. त्याऐवजी आमच्या छापखान्यात एक फोटो छापून घेतला, तो खिडकीच्या उजेडात लॅपटॉपशेजारी धरला आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत स्क्रीन उतरवला. निम्म्याच्याही खाली यावे लागले. त्या ठिकाणी आता मी बोटसुद्धा लावत नाही. उरलेल्या चार हजारांची कार्डे आणि पावसाळी पिशवी.

मे महिन्यात अकरा गावे झाली. हलशीच्या वाटेवरच्या एका गावात वीज गेलेली असताना मुलांनी अंधारात स्क्रीनभोवती कोंडाळे केले. फोटो पाहता पाहता एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, घोड्याचा पाय हलला.’’ घोडा दगडाचा. हलला होता माझा हात. सकाळी पुन्हा गेलो.

परत आल्यावर तो जुना काळा फोटो नव्या स्क्रीनवर उघडला. सावल्या जेवढ्या उचलता येतील तेवढ्या उचलल्या. शाळेतल्या कानडीच्या सरांना बोलावले. ते हळेगन्नड थोडेफार वाचतात. त्यांनी चष्मा काढला, स्क्रीनला नाक लावले, पुन्हा चष्मा घातला.

‘‘स्वस्ति,’’ ते म्हणाले.

मी वाट पाहत राहिलो.

‘‘स्वस्ति म्हणजे सुरुवात झाली, सर. पुढचं काय दिसेना झालंय.’’