‘ज्युबिली’ शब्दाची कुळकथा

आज आपल्या देवळाच्या आवारांत लहानथोरांच्या तोंडीं ‘ज्युबिली’ हा एकच शब्द आहे. पंचवीस वर्षें भरलीं कीं रौप्य, पन्नास भरलीं कीं सुवर्ण, साठ भरलीं कीं हीरक. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यास १८८७ सालीं पन्नास वर्षें झालीं, तेव्हां मुंबईंत निघालेल्या तंत्रशाळेसहि तिच्या ज्युबिलीचेंच नांव देण्यांत आलें. हा शब्द आपणांस इंग्रजींतून मिळाला. परंतु तो मूळचा इंग्रजी नव्हे.

त्याचें मूळ इब्री ‘योबेल’ हें होय. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्याचा विधि सांगितला आहे. सात वर्षांचीं सात आवर्तनें लोटल्यावर प्रायश्चित्ताच्या दिवशीं देशभर शिंग फुंकावें. त्या पन्नासाव्या वर्षीं पेरणी करूं नये. गरिबीमुळें विकला गेलेला इस्राएली बंधु मोकळा होऊन आपल्या कुळांत परतावा. विकलेली वडिलार्जित जमीन मूळ घराण्यास परत मिळावी. म्हणून पुढील योबेलपर्यंत किती पिकें हातीं येतील, हें मोजूनच जमिनीची किंमत ठरवावयाची असे. मिरास देवाची, माणूस केवळ उपरी, हें त्यामागील तत्त्व.

लॅटिन भाषेंत ‘जुबिलारे’, म्हणजे हर्षानें आरोळी देणें, असें एक निराळेंच क्रियापद होतें. संत जेरोम यांच्या लॅटिन बायबलांत योबेलच्या वर्षास ‘जुबिलेउस’ हें नांव आलें, आणि शिंगाच्या नादांत हर्षाची आरोळी मिसळली. पुढें फ्रेंच भाषेंतून हा शब्द चौदाव्या शतकांत इंग्रजींत शिरला.

त्याच शतकाच्या आरंभीं, १३०० सालीं, पोप आठवे बोनिफास यांनीं रोम येथें पहिलें पवित्र वर्ष जाहीर केलें. तें शंभर वर्षांनीं यावें अशी त्यांची योजना होती. सहावे क्लेमेंट यांनीं १३४३ सालीं तें अंतर पन्नासांवर आणिलें, व दुसरे पॉल यांनीं १४७० सालीं पंचविसांवर. तेथें जमिनीऐवजीं पापदंडाची सूट मिळे. तरी सोडवणूक हा गाभा कायम राहिला.

मराठींत आपण ‘महोत्सव’ म्हणतों. शब्द गोड आहे. पण त्यांत लॅटिन हर्ष तेवढा उतरला, इब्री सोडवणूक उतरली नाहीं. योबेल मेजवानीच्या दिवशीं फुंकलें जात नसे, प्रायश्चित्ताच्या दिवशीं फुंकलें जाई. यास्तव, बंधुभगिनींनो, बँड वाजण्यापूर्वीं ज्यानें भावाच्या हिश्शाचा बांध अडविला असेल, त्यानें तो मोकळा करावा; ज्यानें शेजाऱ्याशीं अबोला धरिला असेल, त्यानें त्याच्या दारीं जावें. मग आपली आरोळी आणि तें जुनें शिंग एकाच सुरांत वाजतील.